करंगळी, चीन आणि कुंभारीची घरकुले

अ‍ॅडम स्मिथ हे नाव आपल्याला भेटते ते अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात, बाजारपेठ आणि श्रमविभागणीच्या सोबतीने. पण ज्या ग्रंथामुळे तो जगाला माहीत झाला, त्याच्या सतरा वर्षे आधी, १७५९ मध्ये, त्याने ‘द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ हा ग्रंथ लिहिला होता. माणसाला दुसऱ्याच्या दुःखाने दुःख का होते, हा त्याचा विषय. त्यातले एक उदाहरण वाचल्यावर सहसा विसरता येत नाही. समजा, चीनचे अवघे साम्राज्य भूकंपात गडप झाले आणि ही बातमी युरोपातल्या एका सुस्वभावी गृहस्थाला कळली. तो हळहळेल, माणसाच्या आयुष्याचा भरवसा नाही म्हणेल, व्यापारावर काय परिणाम होईल याचीही चर्चा करील आणि रात्री निवांत झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे, एवढेच जर त्याला कळले, तर रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागणार नाही.

स्मिथ इथे थांबत नाही. तो पुढे विचारतो, मग आपली करंगळी वाचवण्यासाठी हा गृहस्थ त्या कोट्यवधी माणसांचा बळी देईल का? नाही देणार. तसा नुसता विचारही त्याला शहारून टाकेल. म्हणजे भावना एवढ्या तोकड्या असूनही आपल्यात आणखी काहीतरी आहे, जे आपल्याला आपल्या कातडीबाहेर नेते. स्मिथ त्याला विवेक म्हणतो; पण दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याने ग्रंथाच्या पहिल्याच पानांवर सांगितलेला आहे: कल्पनाशक्ती. सख्खा भाऊ यातना भोगत असला तरी आपली ज्ञानेंद्रिये त्याच्या शरीरात शिरू शकत नाहीत. आपण त्याच्या जागी असतो तर काय झाले असते, हे मनात उभे करता आले तरच त्याची वेदना आपल्यापर्यंत पोहोचते. एडमंड बर्कने १७९० मध्ये या शक्तीला ‘नैतिक’ हे विशेषण जोडले आणि पुढे नैतिक कल्पनाशक्ती हा तत्त्वज्ञांच्या चर्चेचा विषय झाला.

या शक्तीचे दोन भाग वेगळे करून पाहायला हवेत. दुसऱ्याच्या जागी उभे राहता येणे हा एक. आज जे आहे ते असेच असायला हवे असे नाही, हे दिसणे हा दुसरा. पहिल्यातून करुणा येते. दुसऱ्याशिवाय जग बदलत नाही. दोन्हींची खरीखुरी, नावानिशी उदाहरणे सोलापूर या एकाच शहरात सापडतात, आणि पहिले उदाहरण तर स्मिथच्या त्या चीनमध्येच जाऊन पोहोचते.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली आणि १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे अठ्ठावीस वर्षांचेही न झालेले कोटणीस. देश स्वतः पारतंत्र्यात होता. ज्या शहराने आठ वर्षांपूर्वी मार्शल लॉ सोसला होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या आपल्या चौघांना फासावर गमावले होते, त्या शहरातून एक तरुण डॉक्टर दुसऱ्याच देशातल्या जखमींसाठी बोटीत बसला. आपलेच दुःख एवढे असताना लोकांचे कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असता तर चुकीचा ठरला नसता. मला तर वाटते, आपल्या गावाने काय सोसले हे ठाऊक असलेल्या माणसालाच तिकडचे अधिक स्पष्ट दिसत असावे.

येनानमार्गे ते उत्तर चीनमधल्या युद्धआघाडीवर गेले. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. सोलापुरात वडिलांचे निधन झाल्याची बातमी त्यांना चीनमध्येच मिळाली. ते परतले नाहीत. पुढे त्यांच्याकडे ज्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी आली, त्याला डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यविशारदाचे नाव होते. बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले. एका जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, त्यातून रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि तो जिवावर बेतला. स्मिथच्या गृहस्थाची झोप ज्या बोटापायी उडणार होती, तेच बोट इथे चीनमधल्या अनोळखी माणसासाठी गेले, आणि ते हात थांबल्यावर काम पुढे चालवायला सोलापूरचा माणूस उभा राहिला. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीसही गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले होते. त्यांच्या मुलाच्या इनह्वा या नावात भारत आणि चीन अशी दोन्ही देशांची अक्षरे होती.

ही कथा सोलापूरला पाठ आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, शहरात स्मारक आहे. पण अशा कथांचा एक धोका असतो. त्या ऐकून आपण नतमस्तक होतो आणि नैतिक कल्पनाशक्ती ही असामान्य माणसांची मिरासदारी आहे असे समजून घरी जातो. म्हणून मला दुसरे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. त्यात नायक एक नाही आणि त्याचे नाव घेताना कुणी हात जोडत नाही. लोक त्याला नुसते ‘विडी घरकुल’ म्हणतात.

सोलापूरचा पूर्व भाग हा प्रामुख्याने तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचा. दुष्काळाने आणि पोटाच्या मागे ही कुटुंबे तेलंगणातून इथल्या गिरण्यांकडे आणि मागांकडे आली. पुरुष गिरणीत किंवा यंत्रमागावर, बायका घरी विडी वळणार, अशी पिढ्यान् पिढ्यांची घडी बसली. एकेक गिरणी बंद पडत गेली तसतसा संसाराचा भार विडीवर येत गेला. काम असे चालते: कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा. पाने भिजवायची, फर्मा ठेवून कातरीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. तयार माल कारखान्यात नेऊन द्यायचा आणि तिथे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. मान खाली, बोटे सतत हलती, आणि घरभर तंबाखूची धूळ.

आता हे काम जिथे चालते ते घर डोळ्यांसमोर आणा. भाड्याची एक खोली, वर पत्रा. त्याच खोलीत चूल, पाण्याचे पिंप, तंबाखूचे सूप आणि झोपलेले मूल. शौचाला बाहेर. विडी कामगार बाईसाठी घर म्हणजे दिवसभराचे कामाचे ठिकाण असते, आणि भाडेवाढ झाली की तिला घर आणि कामाची जागा दोन्ही एकदम सोडावी लागते. कायद्याने ही गोष्ट १९६६ मध्ये ओळखली. विडी आणि सिगार कामगार कायद्याने मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. १९७६ च्या विडी कामगार कल्याण कायद्यांनी विडीवर उपकर बसवला आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीला मदत सुरू झाली. घरात बसलेली ही बाई सरकारच्या नोंदवहीत कामगार म्हणून दिसू लागली. त्या ओळखीशिवाय पुढचे काहीच घडले नसते.

हक्काच्या घराची मागणी विडी कामगारांच्या संघटनेने लावून धरली. तिचे नेते नरसय्या आडम, ज्यांना सोलापूर आडम मास्तर म्हणते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा ते विधानसभेवर निवडून गेले. संघटनेने मागणी मांडली ती थेट दहा हजार घरांची, आणि तीही सभासद महिलांच्या सहकारी संस्थेमार्फत.

हा आकडा मला या सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. दोनशे घरे मागितली असती तर ती लवकर मिळाली असती. पण दोनशे घरे म्हणजे कुणाला द्यायची याची निवड, निवड म्हणजे वशिला, आणि उरलेल्या हजारो जणींच्या मनात कायमचा सल. शिवाय दोनशे घरांसाठी कुणी जलवाहिनी टाकत नाही, बस सोडत नाही, शाळा काढत नाही. दहा हजार घरे झाली की ते गाव होते आणि गावाकडे शासनाला पाठ फिरवता येत नाही. गरिबाने थोडेच मागावे, ही सवय आपल्याकडे मागणाऱ्यालाही लागलेली असते आणि देणाऱ्यालाही. हजार विड्यांवर मजुरी मोजणाऱ्या बाईने दहा हजार घरांचा आकडा सरकारपुढे ठेवणे, यासाठी लागणारी कल्पनाशक्ती कवीच्या कल्पनाशक्तीपेक्षा मला तरी कमी वाटत नाही.

कल्पना कागदावर कशी उतरली तेही पाहण्यासारखे आहे. एका घराचा खर्च सुमारे साठ हजार रुपये. वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे, वीस हजार कामगाराचे. तिसरा वाटा महत्त्वाचा. तो भरणारी बाई ही लाभार्थी उरत नाही, ती सभासद होते. सोलापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर, अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीच्या माळावर ही वसाहत उभी राहिली आणि सप्टेंबर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे कामगारांना अर्पण झाली.

वसाहतीला नाव दिले कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांचे. याहून योग्य नाव मिळाले नसते. कायद्याची पदवी घेतलेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक असलेल्या गोदूताई १९४५ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर पोहोचल्या. तिथे वेठबिगार होती आणि लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही जन्मभर त्याच्या दारी राबत. हे अन्याय्य आहे हे वारल्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण वेठीला न जाणे शक्य आहे, हे चित्र मनात उभे राहिलेले नव्हते. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि ठरले: वेठ बंद, आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय कामाला जायचे नाही. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदूताईंनी ही कहाणी लिहिली आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बारा आणे हा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. अन्याय नको, हे म्हणणे पहिले पाऊल झाले. त्याऐवजी काय हवे, किती हवे आणि केव्हापासून, हे ठरले की स्वप्नाची मागणी होते.

महात्मा फुले यांच्याकडेही हीच तऱ्हा दिसते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात त्यांनी धर्मसहिष्णुतेवर नुसते प्रवचन दिलेले नाही. त्यांनी एक कुटुंबच समोर उभे केले. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून हवा तर तो धर्म स्वीकारावा, नवऱ्याने ख्रिस्ती व्हावे, मुलीने इस्लामकडे वळावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म पाळावा आणि सगळ्यांनी एका घरात प्रेमाने नांदावे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिलेले हे घर अजून आपल्याला बांधता आलेले नाही. पण त्यात कोण कुठे बसले आहे हे स्पष्ट दिसते, म्हणून ते आजही अस्वस्थ करते.

जगात इतरत्रही स्वप्न असे आकड्यांत उतरले आहे. सोलापूर ज्या १९३० साली लष्कराच्या ताब्यात होते, त्याच वर्षी व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेने कार्ल मार्क्स होफ ही १,३८२ घरांची कामगार वसाहत खुली केली. तिच्यात धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालय सगळे होते. पैसा उभा केला तो घरांवर चढत्या दराने कर लावून, म्हणजे मोठ्या घरावर जास्त कर. तिथेही चांगल्या जगाचे चित्र कराच्या तक्त्यातून उभे राहिले, हे विसरू नये.

इकडे कुंभारीत गोदूताईंच्या वसाहतीनंतर कॉ. मीनाक्षी साने यांच्या नावाची वसाहत झाली आणि मग याच परिसरात रे नगरचा आराखडा आला: तीस हजार घरे. या वेळी विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक, वाहनचालक असे असंघटित कष्टकरीही त्यात आले. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा जाहीर झालेला एकूण खर्च १,८११ कोटी रुपये होता आणि त्यात केंद्र-राज्याचे साहाय्य ७५० कोटींचे. भागाकार करून पाहा. घरामागे खर्च सहा लाखांच्या आसपास, सरकारी मदत अडीच लाख, उरलेले साडेतीन लाख कष्टकऱ्याच्या अंगावर. वीस हजारांवरून साडेतीन लाखांवर गेलेला हा वाटा या योजनेचा सर्वांत अवघड भाग आहे आणि उद्घाटनांच्या छायाचित्रांत तो दिसत नाही. १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली पंधरा हजार घरे पंतप्रधानांच्याच हस्ते दिली गेली. पायाभरणीच्या वेळी केलेल्या वक्तव्यांवरून आडम मास्तरांना त्यांच्याच पक्षाने केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले होते. पक्षाची शिस्त आणि घराची किल्ली यांत काय मोठे, यावर मतभेद असू शकतात. किल्ली हाती आलेल्या बाईला मात्र हा प्रश्न पडला नसेल.

या यशाची स्तुती करून थांबलो तर विषयाशी प्रामाणिक राहिल्यासारखे होणार नाही. कुंभारी शहरापासून दूर आहे. कामावर, बाजाराला, मोठ्या दवाखान्यात जायचे तर रोजचे जाणे-येणे आणि त्याचे भाडे आले. माळावर वसवलेल्या एवढ्या वस्तीला पाणी पुरवणे हे सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात सोपे काम नाही. पण याहून मोठा प्रश्न घराच्या आत आहे. पक्क्या भिंतींच्या, स्वतःच्या मालकीच्या घरात आजही पाने भिजतात आणि तंबाखू भरला जातो.

नैतिक कल्पनाशक्ती इथे खरी अडचणीत येते, कारण आता दोन माणसांच्या जागी एकदम उभे राहावे लागते. एक विडी वळणारी बाई, जिचे घर तिच्यावर चालते. दुसरा ती विडी ओढणारा, बहुधा तिच्याइतकाच गरीब, बहुधा कुठल्यातरी बांधकामावर किंवा शेतावर राबणारा, आणि ज्याच्या फुप्फुसांचा हिशेब कुठल्याच मजुरीच्या दरात धरलेला नाही. तंबाखूवर निर्बंध आले की विडी कामगार रस्त्यावर उतरतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते, पर्यायी काम दिल्याशिवाय विडी बंद करणे म्हणजे गरिबाच्याच पोटावर पाय. डॉक्टरांचे म्हणणेही खोटे नसते. त्यात २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर लागू होताना विडीवरचा उपकर रद्द झाला. ज्या निधीतून कामगारांचे दवाखाने आणि शिष्यवृत्त्या चालत, त्याचा स्वतःचा झराच आटला.

या पेचातून वाट काढण्याचा एक प्रयत्न आपल्या देशातच झालेला आहे. केरळात १९६६ चा कायदा लागू करण्याची वेळ आली तेव्हा मालकांनी कारखाने बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. १९६९ मध्ये कण्णूरला कामगारांनी सरकारच्या मदतीने स्वतःची सहकारी संस्था काढली, दिनेश बीडी. भरभराटीच्या काळात चाळीस हजारांहून अधिक कामगार तिच्यात होते. नव्वदच्या दशकात विडीचा खप उतरू लागला तेव्हा या संस्थेने हातपाय गाळले नाहीत. तिने खाद्यपदार्थ बनवायला घेतले, पुढे छत्र्या, तयार कपडे, आणि संगणक क्षेत्रातही पाऊल टाकले. विडीतले सगळे रोजगार त्यातून भरून निघाले नाहीत. पण आपण विडीपुरतेच आहोत, हे त्या कामगारांनी मान्य केले नाही.

दिनेशकडे सुरुवातीला नव्हते ते बरेच काही सोलापूरकडे आहे: चादरी-टॉवेलांचा जुना धंदा, शिवणकामाचे हात, आणि दहा हजार सभासद महिलांची संस्था चालवून दाखवलेला अनुभव. ज्या संघटनेने साठ हजारांचे तीन वाटे पाडून माळावर गाव वसवले, तिच्यासमोर आणि या शहरासमोर आता पुढचा कागद यायला हवा. विडीनंतर कोणते काम, किती जणींना, पहिल्या वर्षी किती आणि पाचव्या वर्षी किती, प्रशिक्षणाच्या काळात घर कशावर चालणार, आणि त्या खर्चात केंद्राचा, राज्याचा व विडी विकून मोठ्या झालेल्या मालकांचा वाटा किती.